शनिवार रात्रीची शॉर्ट ट्रॅक शर्यत: सीझन उघडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल आला की नॉर्थ कॅरोलायनातल्या आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर दरवर्षी तेच प्रश्न फिरू लागतात. ऑफिसातल्या कुणीतरी रेसला बोलावलेलं असतं, किंवा मुलाच्या मित्राचे बाबाच गाडी पळवत असतात. उत्तरं एकदा नीट लिहून ठेवलेली बरी. उदाहरणं बहुतेक इथल्या ट्रॅकची आहेत. न्यू जर्सी, कनेटिकट, पेनसिल्व्हेनियावाल्यांसाठीही अधूनमधून काही आहे.

शॉर्ट ट्रॅक म्हणजे नेमकं काय?

एक मैलापेक्षा लहान ओव्हल ट्रॅक. टीव्हीवर दिसणारा डेटोना अडीच मैलांचा आहे. गावोगावचे ट्रॅक साधारण पाव ते अर्ध्या मैलाचे असतात. विन्स्टन-सेलमचं बोमन ग्रे स्टेडियम पाव मैलाचं आणि जवळपास सपाट. त्याच्या मधोमध फुटबॉलचं मैदान आहे, विन्स्टन-सेलम स्टेट युनिव्हर्सिटीचा संघ तिथे खेळतो. हिकरी ०.३६३ मैल, व्हर्जिनियातलं साउथ बोस्टन ०.४ आणि मार्टिन्सव्हिल ०.५२६.

लांबीवरून सगळं कळत नाही. विस्कॉन्सिनमधलं स्लिंगरही पाव मैलाचंच, पण तिथल्या वळणांना ३३ अंशांचा उतार आहे. तिथे गाडी वळणातही वेग धरून राहते. बोमन ग्रेला मात्र प्रत्येक वळणाआधी ब्रेक दाबावाच लागतो. तिथे मॉडिफाइड गाड्यांची (हा वर्ग पुढे येतोच) एक फेरी १३-१४ सेकंदांत होते, म्हणजे सरासरी ताशी ११० किलोमीटरच्या आसपास. आकडा ऐकून हायवे आठवेल. हायवेवर मात्र वीस जण एकाच लेनसाठी एकमेकांना ढकलत नसतात.

म्हणजे ही नॅसकारच का?

नॅसकार म्हणजे अमेरिकेतली स्टॉक कार शर्यतींची सर्वांत मोठी संघटना. तेव्हा हो आणि नाही. अनेक स्थानिक ट्रॅक नॅसकारच्या मान्यतेने चालतात, बाकीचे स्वतंत्र आहेत. बोमन ग्रेला १९४९ पासून नॅसकारच्या साप्ताहिक शर्यती होतात, नॅसकारचा जन्मच १९४८ चा. १९५८ ते १९७१ या काळात वरच्या दर्जाची मालिकाही तिथे यायची. रिचर्ड पेटीने कारकिर्दीतला शंभरावा विजय १९६९ मध्ये याच पाव मैलावर मिळवला. मग ती मालिका मोठ्या ट्रॅकांकडे गेली आणि थेट फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘क्लॅश’ या सीझनआधीच्या बिनगुणांच्या शर्यतीच्या निमित्ताने परतली. ती शर्यत चेस एलियटने जिंकली.

शनिवारी रात्री मात्र तुम्ही ज्यांना बघता ते व्यावसायिक ड्रायव्हर नसतात. कुणाचं बॉडी शॉप असतं, कुणी प्लंबिंग करतं, कुणी ट्रक चालवतं. सोमवारी सकाळी त्यांना कामावर जायचं असतं.

सीझन कधी सुरू होतो?

हवेवर अवलंबून. फ्लोरिडात फेब्रुवारीतच, डेटोनाच्या दिवसांत न्यू स्मर्नाच्या अर्ध्या मैलावर रात्रीमागून रात्री शर्यती चालतात. आमच्याकडे हिकरी मार्चच्या सुमाराला, बोमन ग्रे एप्रिलमध्ये आणि मग ऑगस्टपर्यंत दर शनिवारी. कनेटिकटमध्ये थॉम्पसनची वर्षातली पहिली शर्यत ‘आइसब्रेकर’ या नावाने होते, आणि ते नाव सार्थच आहे. स्टॅफर्डचा ‘स्प्रिंग सिझलर’ १९७२ पासून चालू आहे, तिथे साप्ताहिक शर्यती शुक्रवारी असतात. आधी एखाद-दोन शनिवार सरावाचे असतात. सरावाला प्रवेश बहुधा स्वस्त किंवा फुकट. लहान मुलांना पहिल्यांदा न्यायचं असेल तर मी तेच सुचवते.

पहिल्याच रात्रीचं एवढं काय? नंतर कधीही गेलं तर चालणार नाही का?

चालेल. पण वर्षातून एकदाच जायचं असेल तर मी पहिली रात्र सांगेन.

एक तर सर्वांत जास्त गाड्या त्या रात्री येतात. हिवाळाभर गॅरेजात दिवा लावून जोडलेली प्रत्येक गाडी एप्रिलमध्ये ट्रेलरवर चढते. जुलैपर्यंत काहींचं इंजिन गेलेलं असतं, काहींची चॅसी, म्हणजे सांगाडा, वाकलेली असते, काहींचे पैसे संपलेले असतात. ऑगस्टात त्याच वर्गात निम्म्याच गाड्या दिसल्या तर नवल वाटून घेऊ नका. त्या वर्षी नव्याने उतरलेल्या पोरांना बघायचं असेल तर ते आताच. त्यातले काही पुन्हा दिसत नाहीत.

दुसरं, कोण वेगवान आहे हे त्या रात्री कुणालाच ठाऊक नसतं. गेल्या वर्षीच्या विजेत्यालाही नाही. नियमपुस्तकात हिवाळ्यात बदल झालेले असतात: वजन, कार्ब्युरेटर, टायरच्या रबराचं मिश्रण. कुणी नवी चॅसी आणलेली असते, कुणी दुसऱ्याचा क्रू चीफ, म्हणजे गाडी तयार करणाऱ्या चमूचा प्रमुख, पळवलेला असतो. ट्रॅकही अनोळखी असतो. सीझनभर गाड्या पळून डांबरावर रबराचा थर बसतो, तो अजून नसतो. रात्री पारा दहा अंशांखाली उतरला की हवा दाट होते, इंजिनं जास्त जोर देतात, आणि टायर मात्र तापत नाहीत. जोर जास्त आणि पकड कमी! पहिल्या पाच फेऱ्यांत गाड्या गरागरा फिरतात ते यामुळे. चार महिन्यांचा रंग पहिल्या वळणात खरवडला जातो आणि त्या माणसाची बायको स्टँडमध्ये तुमच्या पुढच्या रांगेत बसलेली असते. तिच्याकडे बघून शर्यत जास्त कळते, असं माझं मत आहे.

तिसरं, गुण. अजिंक्यपद सीझनभरच्या गुणांवर ठरतं. पहिल्याच रात्री भिंतीला भेटलेला ड्रायव्हर उरलेला सीझनभर ते गुण भरून काढत बसतो. म्हणून अनुभवी लोक त्या रात्री पाचव्या क्रमांकावरही खूश असतात आणि नवखे पहिल्या वळणात तिघांच्या मधून घुसतात.

एका रात्रीत किती शर्यती असतात? मध्येच गेलं तर काही चुकतं का?

चार-पाच वर्गांच्या मिळून. दुपारी सराव, मग एकेका गाडीची वेळ मोजून पात्रता किंवा छोट्या ‘हीट’ शर्यती, आणि रात्री प्रत्येक वर्गाची मुख्य शर्यत, तिला ‘फीचर’ म्हणतात. फीचर वर्गानुसार २० ते १०० फेऱ्यांचं. बऱ्याच ठिकाणी पात्रतेत पुढे असलेल्यांचा क्रम फीचरच्या सुरुवातीला उलटा लावतात, म्हणजे वेगवान गाडीला मागून वाट काढावी लागते. त्यामुळे पहिल्या गाडीवर नजर खिळवून बसू नका. सातव्या-आठव्या क्रमांकावरून कोण वर येतंय ते बघा. साडेचार-पाचला पोचलात तर सगळं मिळतं. राष्ट्रगीताआधी प्रार्थना असते, तेव्हा टोपी काढून सगळे उभे राहतात.

गाड्यांचे वर्ग कसे ओळखायचे?

पुढची चाकं उघडी, अंग बुटकं आणि गाडी जमिनीला चिकटून चालल्यासारखी दिसली तर ती मॉडिफाइड. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या जुन्या गाड्या कापून-छाटून पळवायचे, त्यांची ही वंशज. बोमन ग्रे आणि कनेटिकटमध्ये हाच मानाचा वर्ग आहे. दक्षिणेत बाकी ठिकाणी तो मान लेट मॉडेलला. ती बाहेरून साधी कार वाटते, पण आत नळ्यांचा सांगाडा असतो. हेडलाइट म्हणून दिसतो तो स्टिकर. स्ट्रीट स्टॉक मात्र खरोखरच कधीतरी कुणाच्या तरी दारात उभी असलेली गाडी, आतलं सगळं काढून सळयांचा पिंजरा बसवलेली. बोमन ग्रेला सर्वांत खालचा वर्ग ‘स्टेडियम स्टॉक’, चार सिलिंडरच्या छोट्या गाड्यांचा. गर्दी आणि गोंधळ तिथेच जास्त. लेजंड्स या १९३०-४० च्या गाड्यांच्या पाच अष्टमांश आकाराच्या प्रतिकृती असतात. त्यांना यामाहाच्या मोटरसायकलचं इंजिन असतं. हा वर्ग १९९२ मध्ये शार्लटला सुरू झाला.

कुठल्या वर्गापासून सुरुवात करावी? माझं उत्तर स्ट्रीट स्टॉक. वेग कमी असल्यामुळे काय चाललंय ते डोळ्यांना पकडता येतं.

सगळे डावीकडेच का वळतात? कंटाळा येत नाही?

ड्रायव्हर डाव्या बाजूला बसतो. डावीकडे वळत राहिलं की बाहेरची भिंत त्याच्यापासून लांब राहते. कंटाळ्याचं म्हणाल तर गाडी मुळात डावीकडे वळण्यासाठीच बनवलेली असते, हे एकदा कळलं की वेगळंच दिसायला लागतं. वजन डावीकडे सरकवलेलं असतं. किती सरकवायचं याला नियमात मर्यादा असते, आणि तपासणीत गाडी काट्यावर उभी करतात ती त्यासाठी. मागचं उजवं टायर डाव्यापेक्षा घेराने मोठं असतं. दोन्ही चाकं एकाच आसावर एकत्र फिरत असल्याने एका फेऱ्यात उजवं जास्त अंतर कापतं आणि गाडी आपोआप डावीकडे ओढली जाते. याला ‘स्टॅगर’ म्हणतात. ही युक्ती वापरणाऱ्या पहिल्यांपैकी म्हणून राल्फ अर्नहार्टचं नाव घेतात. तो कॅनपोलिसचा, १९५६ चा नॅसकार स्पोर्ट्समन विजेता आणि नॅसकारचा नामांकित ड्रायव्हर डेल अर्नहार्टचा बाप.

पिटमध्ये सगळे ‘लूज’ आणि ‘टाइट’ काय बोलत असतात?

पिट म्हणजे गाड्या उभ्या करून दुरुस्त करायची जागा. वळणात मागचा भाग बाहेर पळत असेल तर गाडी लूज. स्टिअरिंग फिरवूनही नाक सरळच जात असेल तर टाइट. शनिवारचं निम्मं संभाषण या दोन शब्दांत होतं. उपाय टायरमधली हवा, स्प्रिंग, आणि पुढच्या उजव्या व मागच्या डाव्या चाकावर मिळून किती वजन टाकायचं, यांत असतात. पान्याने बोल्ट अर्धा फेरा फिरवतात आणि पुन्हा सरावाला सोडतात. ड्रायव्हर गाडीतून उतरल्यावर हाताने हवेत वळण काढून काय सांगतो ते बघा, शब्द ऐकू आले नाहीत तरी कळतं.

झेंडे?

हिरवा सुरू. पिवळा म्हणजे अपघात किंवा ट्रॅकवर काही पडलंय, जागा न बदलता हळू चला. लाल म्हणजे थांबा. काळा ज्याला दाखवतात त्याने पिटमध्ये यायचं, मग तो कितीही चिडलेला असो. पांढरा शेवटच्या फेरीचा, चौकटींचा संपल्याचा. ड्रायव्हरांच्या कानात एकतर्फी रेडिओ असतो, त्यावरून नियंत्रण कक्ष सगळ्यांना एकदमच सूचना देतो. ड्रायव्हरला उलट बोलता येत नाही, आणि ते बरंच आहे.

मुद्दाम धडक मारतात का?

‘मुद्दाम’ कुठे सुरू होतं यावरच इथे वर्षानुवर्षं भांडणं चालली आहेत. सपाट पाव मैलावर ओव्हरटेक करायला जागा नसते. मग वळणात शिरताना पुढच्याच्या बंपरला हलकेच टेकायचं, तो अर्धी गाडी बाहेर सरकला की आतून निघून जायचं. हे चालतं. त्याला गरागरा फिरवलं तर चालत नाही, अधिकारी तुम्हाला मागे पाठवतात. बोमन ग्रेला ‘मॅडहाऊस’ म्हणतात ते उगाच नाही. हेल्मेट काढून दुसऱ्याच्या गाडीकडे चालत जाणारे ड्रायव्हर आणि त्यांना उचकवणारं पब्लिक, दोन्ही तिथे भरपूर. मला स्वतःला ही हाणामारी कंटाळवाणी वाटते. पण तिकिटं त्यावर खपतात हे खरं.

मातीवरची शर्यत वेगळी असते का?

पूर्ण वेगळी. चिकणमातीवर दिवसभर पाणी मारून ती दाबतात. संध्याकाळी ती ओली आणि चिकट असते, रात्र चढते तशी वाळत गुळगुळीत होते, म्हणजे ट्रॅक फेरीगणिक बदलतो. पेनसिल्व्हेनियातलं विल्यम्स ग्रोव्ह १९३९ पासून, ओहायोतलं एल्डोरा १९५४ पासून. आयोवातल्या नॉक्सव्हिलला ऑगस्टात स्प्रिंट कारची सर्वांत मानाची शर्यत होते. स्प्रिंट कारला डोक्यावर भलामोठा पंख असतो, इंधन मिथेनॉल, आणि स्टार्टर नसतोच. मागून ट्रकने ढकलून ती सुरू करतात. मिथेनॉलची आग उजेडात जवळजवळ दिसत नाही, म्हणून पिटमध्ये कुणी विनाकारण हात झटकत पळताना दिसला तर हसू नका.

बसायला वरच्या रांगा पकडा. खाली बसलात तर घरी गेल्यावर कानातून माती निघते. पांढरे कपडे नकोत.

पाऊस आला तर?

डांबरी ओव्हलवर खाचा नसलेले टायर असतात, ओल्या ट्रॅकवर ते चालत नाहीत. सर थांबली तर ट्रॅक वाळवून रात्री उशिरा शर्यत करतात, नाहीतर तिकिटावर पुढची तारीख मिळते. पैसे परत मिळतीलच असं धरू नका. निघण्याआधी ट्रॅकचं फेसबुक पान बघा, वेबसाइटच्या आधी तिथे कळतं.

तिकीट केवढ्याला? पिट पास घ्यावा का?

साध्या शनिवारी स्टँडचं तिकीट साधारण दहा ते वीस डॉलर, लहान मुलांना फुकट किंवा नाममात्र. पिट पास महाग असतो, आणि काही झालं तर ट्रॅक जबाबदार नाही या कागदावर सही करावी लागते. लहान मुलांना पिटमध्ये सोडण्याचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे. पहिल्या वेळी स्टँडच बरा. दुसऱ्यांदा पिट पास जरूर घ्या, पण चपला-सँडल नकोत, बंद बूट हवेत.

मुलांना न्यावं का? आवाजाचं काय?

न्या, पण कानांवर इअरमफ लावल्याशिवाय नाही. अमेरिकी आरोग्य संस्थेच्या मोजणीनुसार ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो, पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. वीस इंजिनं समोरून गेली की आवाज शंभराच्या वर सहज जातो, आणि शर्यती चार तास चालतात. गेटवर फोमचे बोळे मिळतात, मोठ्यांना ते पुरतात. बाळांसाठी घरूनच न्या. आजी-आजोबा भारतातून आले असतील तर त्यांनाही. ‘मला काही होत नाही’ असं ते म्हणणारच, तरी लावा. शिवाय ब्लँकेट घ्या. अॅल्युमिनियमच्या बाकांवर एप्रिलची रात्र फार गार लागते.

शाकाहारी माणसाने खायचं काय?

फ्राइज, नाचोज, प्रेट्झेल. झालं. बोमन ग्रेचा बोलोन्या बर्गर आणि मार्टिन्सव्हिलचा हॉट डॉग प्रसिद्ध आहेत, पण ते तुमच्या उपयोगाचे नाहीत. काही ट्रॅकवर छोटा कूलर चालतो, काहींवर नाही, आधी बघून घ्या. चालत असेल तर धपाटे आणि भडंग. शेजारच्या बाकावर पुडा फिरवलात तर पुढचे चार तास कोण कुणाचा भाऊ आणि कुणाचं कुणाशी वैर, हे सगळं फुकटात समजावून मिळतं.

ड्रायव्हरला कितपत धोका असतो?

धोका आहेच. पण सळयांचा पिंजरा, आगरोधक कपडे, खिडकीची जाळी, इंधनाची सहज न फुटणारी टाकी आणि पाच-सहा ठिकाणी जोडलेले सीटचे पट्टे यामुळे वाईट दिसणाऱ्या अपघातातूनही माणूस चालत बाहेर येतो. फेब्रुवारी २००१ मध्ये डेटोनाला शर्यतीतल्या अपघातात डेल अर्नहार्टचा मृत्यू झाला. त्याच वर्षी नॅसकारने वरच्या मालिकांत डोकं-मान जखडून धरणारं साधन सक्तीचं केलं, आणि हळूहळू ते खालीही पोचलं. पहिल्या रात्रीची तपासणी लांबते ती याचमुळे. पट्ट्यांवर तारीख असते, साधारण दोन वर्षांनी ते बदलावे लागतात. हेल्मेटच्या आत स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचं लेबल असतं, तेही जुनं चालत नाही. गाडीवर रात्रंदिवस राबलेला माणूस पट्ट्याची तारीख बघायला विसरतो आणि रांगेत उभा राहून फोनाफोनी करतो, हे दृश्य दर एप्रिलला असतं. बोमन ग्रेला २०२५ च्या क्लॅशआधी धक्का शोषणाऱ्या भिंती बसल्या. बहुतेक गावांत अजून साधं काँक्रीट आहे.

जिंकल्यावर पैसे मिळतात?

मिळतात, पण पुरत नाहीत. खालच्या वर्गात फीचर जिंकून काही शे डॉलर हाती येतात. चार स्लिक टायरांत तेवढे सहज जातात, शिवाय प्रवेश फी, क्रूचे पिट पास, डिझेल. दारावर नाव रंगवलेलं टायरचं दुकान किंवा ढाबा हे प्रायोजक. बहुतेकदा पैशांऐवजी वस्तू देतात. खर्च आटोक्यात राहावा म्हणून अनेक वर्गांत कारखान्यातून सीलबंद आलेलंच इंजिन वापरायची सक्ती असते. सील तोडलं की बाद. तरीही हिशेब जुळत नाही, आणि हे लोक जुळवायलाही बसत नाहीत. हा छंद आहे. लग्नकार्याइतका महाग.

आपल्यापैकी कुणी कधी उतरलंय?

नारायण कार्तिकेयन. फॉर्म्युला वननंतर तो मार्च २०१० मध्ये मार्टिन्सव्हिलला नॅसकारच्या ट्रक (म्हणजे पिकअप गाड्यांच्या) मालिकेत उतरला आणि तेरावा आला. नॅसकारच्या राष्ट्रीय मालिकेतला तो पहिला भारतीय. त्या वर्षीचा मालिकेतला सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हरही तोच ठरला. भारतात साप्ताहिक ओव्हल शर्यतींची परंपरा नाही. कोईंबतूर, चेन्नई, नोएडाचे ट्रॅक वळणावळणाचे, आणि कोल्हापूरला गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे. इथे मुलं पाचव्या वर्षापासून क्वार्टर मिजेट, म्हणजे मुलांसाठीच्या छोट्या रेस गाड्या, चालवतात. मुलाला आवड असेल तर आधी भाड्याच्या कार्टवर वर्षभर बघा, लगेच गाडी विकत घेऊ नका.

हे आपल्या बैलगाडा शर्यतीसारखं आहे का?

हा प्रश्न खेड-मंचरकडचे लोक हमखास विचारतात. घाटात बैलगाडा घड्याळाशी पळतो, एका वेळी एकच. इथे सगळे एकदम. पण माइकवरचा निवेदक, घराण्यांची नावं, बक्षिसापेक्षा खर्च मोठा, आणि ‘यंदा कुणाचा गाडा’ यावर वर्षभर चालणारी चर्चा, हे सगळं ओळखीचं वाटेल. गुलाल नाही एवढंच.

आम्ही इंग्लंडात / ऑस्ट्रेलियात आहोत. तिथे असतं का?

ब्रिटनमध्ये १९५४ पासून स्टॉक कार शर्यती आहेत. त्यात धक्का मारायला परवानगीच असते. ड्रायव्हरची श्रेणी गाडीच्या छताच्या रंगावरून कळते: पांढरा, पिवळा, निळा, लाल, आणि जगज्जेत्याला सोनेरी. पांढरे पुढून सुटतात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये सीझन उन्हाळ्यात, म्हणजे दिवाळीच्या आसपास उघडतो.

ट्रॅक बंद पडतायत असं ऐकलं, खरं का?

खरं आहे. लॉस एंजेलिसजवळचं अर्विनडेल डिसेंबर २०२४ मध्ये बंद झालं. शहर वाढतं, जमिनीचा भाव चढतो, नवे शेजारी आवाजाची तक्रार करतात. उलटही कधीतरी घडतं. १९९६ मध्ये नॅसकारची मोठी शर्यत गमावलेलं आमच्या नॉर्थ कॅरोलायनातलं नॉर्थ विल्क्सबरो बरीच वर्षं ओसाड पडून होतं. २०२२ मध्ये तिथे पुन्हा शर्यती झाल्या, २०२३ मध्ये नॅसकारची ऑल-स्टार शर्यत आली. पण त्यामागे राज्य सरकारचा पैसा आणि मोठी नावं होती. गावातल्या ट्रॅकला फक्त तिकीटं असतात.

शर्यत संपली की लगेच निघावं का?

नाही. बऱ्याच ट्रॅकवर शेवटच्या फीचरनंतर प्रेक्षकांना पिटमध्ये सोडतात. ड्रायव्हर मुलांना गाडीत बसवतात, सही देतात, फुटलेल्या पत्र्याचा तुकडासुद्धा देतात. त्याच वेळी पहिल्या तीन गाड्यांची पुन्हा तपासणी चालू असते: वजन, उंची, कधी इंजिन उघडूनही. तिथे काही सापडलं तर विजेता बदलतो, म्हणून निकाल अधिकृत धरायचा तो त्यानंतरचाच. शिवाय पार्किंगमधली रांग पाऊण तास हलत नाही, तेव्हा तसंही तुम्ही कुठे जाणार नसता.